एका घोड्याला किती घोड्या?

फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या जॉकी क्लबनं स्वतःच केलेला एक नियम मागे घेतला. २०२० साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुठल्याही थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्याला एका वर्षात १४० पेक्षा जास्त घोड्या लावायच्या नाहीत, एवढाच तो नियम होता. मे २०२० मध्ये तो जाहीर झाला. पुढच्या वर्षी केंटकीतली तीन बडी स्टड फार्म्स त्याविरुद्ध कोर्टात गेली, मग केंटकीच्या विधिमंडळात त्याची नाकेबंदी करणारं विधेयक आलं, आणि क्लबनं हात टेकले. एकाही घोड्याला तो नियम प्रत्यक्षात लागू झाला नाही.

माझ्या मते ही माघार घोड्यांच्या जातीला महागात पडणार आहे. तो नियम परत यायला हवा, आणि भारतासारख्या लहान पैदाशीच्या देशात तर तो आणखी कडक हवा. हे का म्हणतो ते सांगण्यासाठी मी एकाच घोड्याची गोष्ट घेणार आहे. नियमाला विरोध करणारेही त्याचंच उदाहरण देतात: 'त्या काळी असली बंधनं असती तर नॉर्दर्न डान्सरसारखा बाप जगाला मिळाला असता का?' त्याची कारकीर्द आणि वंशावळ नीट पाहिली तर उत्तर नेमकं उलट येतं.

नॉर्दर्न डान्सर २७ मे १९६१ रोजी कॅनडातल्या ओशावा इथं, उद्योगपती ई. पी. टेलर यांच्या फार्मवर जन्मला. मे महिन्याची अखेर म्हणजे शर्यतीच्या घोड्यासाठी फार उशीर. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचं वय १ जानेवारीला एकदमच वाढतं. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या शिंगरांच्या पुढ्यात मे महिन्याचं शिंगरू पहिली दोन-तीन वर्षं अंगानं कच्चंच राहतं. हा उशीर कुणी ठरवून केलेला नव्हता. त्याची आई नताल्मा १९६० मध्ये केंटकी ओक्स या घोडींच्या मोठ्या शर्यतीच्या तयारीत होती. तिचा गुडघा दुखावला, शर्यती संपल्या, आणि पैदाशीचा हंगाम सरता सरता, जूनच्या शेवटी, तिला निअर्क्टिक या घोड्याकडे पाठवलं. निअर्क्टिकचंही ते पैदाशीतलं पहिलंच वर्ष. मोठ्या आराखड्यातून निघालेला हा संकर नव्हता. घरात असलेला घोडा आणि घरात असलेली घोडी, इतकं साधं होतं ते.

टेलर आपली वर्षभराची शिंगरं दर शरदात ठरलेल्या किमतीला विकायला मांडत. १९६२ मध्ये या शिंगरावर २५,००० डॉलरची चिठ्ठी होती. ते बुटकं होतं, अंगानं गोळीबंद, वागायला आडमुठं. आले त्यांनी पाहिलं आणि पुढे गेले. शिंगरू टेलर यांच्याकडेच राहिलं.

दोन वर्षांचा असताना त्याचा खूर चिरला. अशी चीर पडली की घोडा महिनोन्महिने बसून राहतो, पुष्कळदा कायमचाच. टेलर यांनी कॅलिफोर्नियाहून नालबंद बोलावला. त्यानं चिरेवर तापवून घट्ट केलेल्या रबराचं ठिगळ बसवलं आणि त्या ठिगळासकट घोडा कामाला लागला. ट्रेनर होते अर्जेंटिनात जन्मलेले होरेशियो ल्युरो. फ्लोरिडातल्या मोठ्या शर्यती बिल शूमेकर या नामांकित जॉकीनं त्याच्यावर बसून जिंकल्या, पण केंटकी डर्बीसाठी मात्र शूमेकरनं कॅलिफोर्नियाचा उंचापुरा हिल राइज निवडला. बिल हार्टॅक नॉर्दर्न डान्सरवर आला.

१९६४ च्या त्या डर्बीचं चित्रण आजही पाहायला मिळतं, आणि घोड्यांची आवड असणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा तरी पाहावं. शेवटच्या वळणावर हिल राइज घोळक्यात क्षणभर अडकतो, तेवढ्यात हार्टॅक आपला घोडा मोकळ्या जागेत काढतो. मग सरळ पट्टा. मागून हिल राइज येतो, लांबच लांब टापा टाकत, दर टापेला अंतर कापत. पुढे हा बुटका, आखूड पावलांचा, पण त्याचे पाय इतके भराभर पडतात की पायाखालची माती दिसेनाशी होते. दोघं जवळजवळ एकत्र निशाणाशी पोचतात आणि मानेच्या अंतरानं नॉर्दर्न डान्सर जिंकतो. सव्वा मैलाला बरोबर दोन मिनिटं. डर्बीतला तो विक्रम १९७३ मध्ये सेक्रेटेरियटनं मोडेपर्यंत टिकला. कॅनडात जन्मलेल्या घोड्यानं केंटकी डर्बी जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

पुढे प्रीकनेस ही दुसरी मोठी अमेरिकन शर्यत त्यानं जिंकली. दीड मैलाच्या बेलमाँटमध्ये तिसरा आला. घरी परतून कॅनडाची क्वीन्स प्लेट जिंकली, तीही घोड्याच्या सात लांब्यांहून जास्त फरकानं. मग पायाची नस दुखावली आणि शर्यती संपल्या. १८ शर्यती, १४ विजय, दोनदा दुसरा, दोनदा तिसरा. तिसऱ्याच्या मागे तो कधी गेलाच नाही.

धावण्याची गोष्ट एवढीच. खरा विचार करायचा तो त्याच्या रक्ताचा.

निअर्क्टिकचा बाप निअर्को. इटलीत फेदेरिको टेसियो यांनी पैदा केलेला, १४ शर्यतींत १४ विजय मिळवून १९३८ मध्ये ६०,००० पौंडांना इंग्लंडला विकला गेलेला. निअर्क्टिकची आई लेडी अँजेला ही इंग्लिश, हायपेरियनची मुलगी. टेलर यांनी तिला न्यूमार्केटच्या लिलावात घेतलं, आणि कॅनडाला नेण्याआधी ती पुन्हा निअर्कोला लावायची ही अट घातली. आईच्या बाजूला नताल्माचा बाप नेटिव्ह डान्सर, २२ शर्यतींत फक्त एक हरलेला अस्सल अमेरिकन घोडा. नताल्माची आई अल्माहमूद ही महमूदची मुलगी, आणि हा महमूद म्हणजे तिसऱ्या आगाखानांचा १९३६ चा एप्सम डर्बी विजेता. पुण्याच्या आगाखान पॅलेसमुळे हे नाव आपल्याला घरचं वाटतं. महमूदची आजी मुमताज महल ही आगाखानांची प्रसिद्ध वेगवान घोडी. महमूद पुढे १९४० मध्ये अमेरिकेला विकला गेला.

म्हणजे इटली, इंग्लंड, अमेरिका, आगाखानांचा गोठा अशा चार ठिकाणांहून आलेलं रक्त ओंटारिओच्या थंडीत एकत्र आलं. पाच पिढ्यांच्या तक्त्यात गेन्सबरोसारखा एखादा पूर्वज दोन्ही बाजूंना भेटतो, तोही दूरवर. नॉर्दर्न डान्सर वेगवेगळ्या प्रवाहांच्या संगमातून आला. टेसियोनं निअर्को घडवला तेव्हा इटलीतली पैदास वेगळी होती, केंटकीतली वेगळी, न्यूमार्केटची वेगळी. प्रत्येक ठिकाणचे लोक आपापल्या मातीवर, आपापल्या अंतराच्या शर्यतींसाठी घोडे घडवत होते. ते वेगळेपण शिल्लक होतं म्हणून त्यांचा मेळ घालता आला.

१९६५ मध्ये त्याला पैदाशीला लावलं तेव्हा एका घोडीमागे फी होती १०,००० डॉलर. काही वर्षांनी त्याला अमेरिकेतल्या मेरीलँडला हलवलं. दुसऱ्याच हंगामातल्या शिंगरांमध्ये निजिन्स्की निघाला. आयर्लंडचे ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन दुसरंच एक शिंगरू पाहायला कॅनडाला गेले होते, नजर याच्यावर पडली, आणि ८४,००० डॉलरना त्यांनी तो आपल्या मालकासाठी घ्यायला लावला. १९७० मध्ये निजिन्स्कीनं टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर अशा तिन्ही शर्यती जिंकून इंग्लिश ट्रिपल क्राउन मिळवला. त्यानंतर आजवर एकाही घोड्याला ते जमलेलं नाही.

मग युरोपची नजर फिरली. ओब्रायन, रॉबर्ट सँगस्टर आणि जॉन मॅग्नियर दरवर्षी केंटकीच्या लिलावात नॉर्दर्न डान्सरची शिंगरं उचलू लागले. त्यातल्या द मिन्स्ट्रेलनं १९७७ चा एप्सम डर्बी जिंकला. १९८४ च्या डर्बीत सेक्रेटो आणि एल ग्रान सेन्यॉर अगदी नाकाला नाक लावून आले, आणि दोघांचा बाप एकच. १९८१ मध्ये, घोडा २० वर्षांचा असताना, त्याच्यासाठी ४ कोटी डॉलरची बोली आली आणि ती नाकारली गेली. १९८३ मध्ये त्याचं एक शिंगरू १ कोटी २ लाख डॉलरना विकलं गेलं. स्नाफी डान्सर असं त्याचं नाव ठेवलं. ते एकाही शर्यतीत धावलं नाही आणि पैदाशीलाही जवळजवळ निरुपयोगी ठरलं. १९८० च्या दशकात नॉर्दर्न डान्सरची फी १० लाख डॉलरवर गेली, तीही घोडी गाभण राहील याची कुठलीही हमी न देता. १९८७ मध्ये त्याला पैदाशीतून निवृत्त केलं, नोव्हेंबर १९९० मध्ये तो गेला, आणि त्याला ओशावाला नेऊन पुरलं.

आता यातला एक आकडा बघा. २० हून अधिक हंगामांत नॉर्दर्न डान्सरची नोंदलेली शिंगरं होती ६४५. म्हणजे वर्षाला सरासरी तीसही नाहीत. त्यातली जवळपास दीडशे मोठ्या शर्यती जिंकणारी निघाली. जगातल्या सगळ्यात महागड्या पैदाशीच्या घोड्यानं हे केलं, तेही दर हंगामाला आजच्यापेक्षा खूपच कमी घोड्या लावून. 'बंधन असतं तर नॉर्दर्न डान्सर झाला नसता' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. १४० ची मर्यादा त्या काळी असती तरी त्याच्या वाटेत ती कधीच आली नसती. ती मर्यादा त्याच्या हंगामाच्या कितीतरी वर आहे.

मग बदललं काय? थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला मनाई आहे. घोडी प्रत्यक्ष घोड्याला लावली तरच तिचं शिंगरू स्टड बुकात, म्हणजे जातीच्या अधिकृत नोंदवहीत, जातं. पूर्वी या नियमामुळे आपोआपच मर्यादा पडायची. घोडी माजावर कधी येईल, नेमकी कोणत्या दिवशी फळेल याचा अंदाज चुकायचा, एकेका घोडीला तीन-तीन, चार-चारदा घोड्याकडे न्यावं लागायचं, आणि म्हणून हंगामाला चाळीसच्या आसपास घोड्या हा सर्वमान्य आकडा होता. मग अल्ट्रासाउंड आलं, बीजांड सुटण्याची वेळ साधणारी इंजेक्शनं आली. आता बहुतेक घोडींना एकदाच न्यावं लागतं. तोच घोडा, तोच हंगाम, आणि घोड्या दोनशेच्या वर. शिवाय विमानं आहेत. उत्तर गोलार्धातला हंगाम संपला की घोडा ऑस्ट्रेलियाला जातो आणि तिथला हंगाम सुरू करतो. नॉर्दर्न डान्सरचा नातू डेनहिल हा या ये-जा करणाऱ्या घोड्यांतला सर्वांत यशस्वी. तो ऑस्ट्रेलियात नऊदा अव्वल बाप ठरला, म्हणजे त्या त्या हंगामात त्याच्या मुलांनी सगळ्यात जास्त कमाई केली. निसर्गानं घातलेलं कुंपण तंत्रज्ञानानं काढलं. त्या जागी नियमाचं कुंपण घालायला नको का?

जॉकी क्लबनं नियम आणताना जे आकडे दिले ते बोलके आहेत. उत्तर अमेरिकेत १४० हून अधिक घोड्या लावणाऱ्या घोड्यांच्या वाट्याला २००७ मध्ये एकूण घोडींपैकी ९.५ टक्के घोड्या आल्या होत्या. २०१९ मध्ये २७ टक्के. पैदास एकंदरीत आटत असताना तिचा मोठा हिस्सा मूठभर घोड्यांच्या पायाशी गोळा झाला.

आणि हे मूठभर घोडे एकमेकांचे कोण? तिकडेच खरी अडचण आहे. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा सॅडलर्स वेल्स ब्रिटन-आयर्लंडमध्ये १४ वेळा अव्वल बाप ठरला, त्यातली १३ वर्षं सलग. त्याचा मुलगा गॅलिलिओ १२ वेळा. दुसऱ्या शाखेत नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा डान्झिग, त्याचा मुलगा डेनहिल. डेनहिलच्या आईची आजीसुद्धा नताल्माच, म्हणजे त्याच्या तक्त्यात तिसऱ्या पिढीत दोन्ही बाजूंना एकच घोडी. मग गॅलिलिओ आणि डेनहिलची मुलगी यांचा मेळ घातला आणि फ्रँकेल निघाला, १४ शर्यतींत १४ विजय मिळवणारा. फ्रँकेलसारखा घोडा शतकात एखादाच होतो याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याच्या तक्त्यात नॉर्दर्न डान्सर तिसऱ्या पिढीत एकदा आणि चौथ्या पिढीत एकदा आहे. पुढच्या पिढीला याच्याबाहेरचं रक्त आणायचं कुठून?

या प्रश्नाला जगातल्या सगळ्यात ताकदवान स्टडनंच आपल्या वागण्यातून उत्तर दिलं आहे. आयर्लंडच्या कूलमोरकडे गॅलिलिओच्या मुलींची फौज होती. त्यांना नवं रक्त मिळावं म्हणून त्यांनी काही घोड्या थेट जपानला, डीप इम्पॅक्ट या घोड्याकडे पाठवल्या. त्यातून सॅक्सन वॉरियर आला, स्नोफॉल आली, २०२३ चा एप्सम डर्बी जिंकणारा ऑगस्ट रोडिन आला. उत्तम घोडे. हा परका बाप म्हणावा असा सगळ्यात लांबचा होता. पण डीप इम्पॅक्टची आई विंड इन हर हेअर ही अल्झाओची मुलगी, अल्झाओ लिफार्डचा मुलगा, आणि लिफार्ड नॉर्दर्न डान्सरचा! डीप इम्पॅक्टचा बाप सन्डे सायलन्स, त्याच्या बाजूनं मागे जावं तर त्याची पणजी अल्माहमूद, म्हणजे नॉर्दर्न डान्सरची आजी. जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नवं रक्त आणलं आणि दारात उभा पाहुणा आपलाच भाऊबंद निघाला. २०२४ चा डर्बी विजेता सिटी ऑफ ट्रॉय अमेरिकन जस्टिफायचा मुलगा आणि गॅलिलिओच्या मुलीचा. जस्टिफायची बापाकडची ओळ मागे मागे नेली की स्टॉर्म कॅट, स्टॉर्म बर्ड आणि पुन्हा नॉर्दर्न डान्सर.

हे केवळ नावांचं वेड नाही. २०२० मध्ये डब्लिनच्या संशोधकांच्या पुढाकारानं झालेल्या एका अभ्यासात जगभरच्या दहा हजारांहून अधिक थरोब्रेडची जनुकं तपासली गेली. ९७ टक्के घोड्यांच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर सापडला. युरोपातल्या ३५ टक्क्यांत सॅडलर्स वेल्स, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या ५५ टक्क्यांत डेनहिल. आणि गेल्या ४५-५० वर्षांत रक्ताची जवळीक वाढतच गेल्याचं दिसलं. २०२२ मध्ये त्याच गटानं पुढचा प्रश्न घेतला: या जवळिकीचा परिणाम होतो का? सहा हजारांहून जास्त घोडे तपासून त्यांनी दाखवलं की जनुकांतली जवळीक १० टक्क्यांनी वाढली की ते शिंगरू कधीतरी शर्यतीत धावेल ही शक्यता ७ टक्क्यांनी घटते.

धावेल की नाही, एवढाच प्रश्न आहे इथं. जिंकेल की नाही हा नंतरचा. म्हणजे हाडं टिकली नाहीत, फुप्फुसं साथ देईनात, अंग धरलं नाही, अशी शिंगरं वाढतात. शर्यतीच्या घोड्याचं मोल शर्यतीवरच. जो धावू शकत नाही त्याला पोसायला किती मालक तयार असतात? पुण्याला या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर एकदा सापडलं होतं. पूनावाला कुटुंबाच्या स्टडवरचे निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला रक्तद्रवापासून औषध बनवण्यासाठी दिले जात, आणि त्याच अनुभवातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. पण सगळ्याच घोड्यांच्या नशिबी असा उपयोग नसतो. जगभरात न धावलेल्या शिंगरांचं काय होतं याचा हिशोब फारसा कुणी मांडत नाही. म्हणून अशी शिंगरं कमी जन्माला यावीत अशी व्यवस्था करणं हे मला पैदास करणाऱ्यांचं पहिलं कर्तव्य वाटतं.

विरोधकांचा एक मुद्दा मी गंभीरपणे घेतो. जवळच्या नात्यातून महान घोडे निघतात. डेनहिल हे एक उदाहरण. त्याहून ठसठशीत म्हणजे एनेबल: तिच्या बापाचा आजा सॅडलर्स वेल्स आणि आईचा बापही सॅडलर्स वेल्सच. आर्क आणि किंग जॉर्ज या युरोपातल्या सगळ्यात मानाच्या शर्यतींपैकी दोन, त्यातली पहिली दोनदा आणि दुसरी तीनदा जिंकलेली घोडी. हे खरं आहे. पण आपल्याला दिसते ती एनेबल. त्याच रीतीनं जन्मलेली आणि नावानिशी कुठेच न उरलेली शिंगरं आपल्याला दिसत नाहीत. शिवाय एखाद्या पैदासकारानं विचार करून एका घोडीसाठी जवळचं नातं निवडणं वेगळं, आणि सगळ्या जातीलाच दुसरा पर्याय न उरणं वेगळं. पहिल्यात निवड आहे. दुसऱ्यात निवड करायलाच जागा नाही.

'बाजार आपोआप सावरेल' हा दुसरा मुद्दा. बाजारानं एकदा सावरलेलं आहे, आणि ते कसं हे पाहण्यासारखं आहे. १८८१ साली इंग्लंडमध्ये सेंट सायमन जन्मला. शर्यतीत कधी न हरलेला, नऊ वेळा अव्वल बाप. त्याची मुलं पर्सिमन आणि डायमंड ज्युबिली प्रिन्स ऑफ वेल्सच्या मालकीची असताना डर्बी जिंकली. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत इंग्लंडच्या प्रत्येक चांगल्या स्टडवर त्याच्या मुली भरल्या होत्या. १९०८ मध्ये तो मेला आणि दहाएक वर्षांत इंग्लंडमधली त्याची पितृवंशाची ओळ अक्षरशः आटली, कारण त्याच्या मुलांना लावायला त्याच्याच मुली उरल्या होत्या. ती ओळ तगली ती परदेशात, इटलीत, जिथं रिबोनं तिला पुन्हा नाव मिळवून दिलं. इंग्लंडला तेव्हा बाहेर हात पसरता आला कारण बाहेर वेगळं काही होतं. आज अमेरिकेतलं केंटकी, आयर्लंडचं टिपरेरी, ऑस्ट्रेलियाची हंटर व्हॅली आणि जपानचं होक्काइडो एकाच रक्ताची चार अंगणं झाली आहेत. सावरायला बाजार जाणार कुठे?

राहिला मालकी हक्काचा मुद्दा: घोडा माझा, त्याला किती घोड्या लावायच्या हे मी ठरवणार. थरोब्रेडच्या जगात हा हक्क कधीच निखळ नव्हता. कृत्रिम रेतनाची मनाई हेच मुळी मालकाच्या हक्कावरचं सगळ्यात मोठं बंधन आहे, आणि ते सगळे मान्य करतात. ऑस्ट्रेलियात एका जुन्या बुकमेकरनं त्या मनाईला कोर्टात आव्हान दिलं, आणि २०१२ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं ते फेटाळलं. स्टड बुकात कोण येईल याचे नियम स्टड बुकच ठरवतं. अमेरिकेत दुडक्या चालीच्या शर्यतीचे, गाडी ओढत पळणारे स्टँडर्डब्रेड घोडे आहेत, त्यांच्या स्टड बुकानं ही मर्यादा कधीच घातली आहे. तिथं पैदास बंद पडली नाही. एका पद्धतीनं संबंध घडला पाहिजे हे स्टड बुक सांगू शकतं, तर तो वर्षात किती वेळा हे सांगण्याचा अधिकार त्याला का नसावा, याचं सरळ उत्तर मला अजून कुणाकडून मिळालेलं नाही.

गावच्या गोठ्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी जनुकं तपासलेली नसतात, तरी वळू तीन-चार वर्षांनी बदलायचा, त्याच्या पोटच्या कालवडी माजावर यायच्या आत त्याला दुसऱ्या गावी धाडायचा, हा शिरस्ता आहे. कितीही देखणा, कितीही नावाजलेला वळू असो.

भारताचं काय? आपल्या पैदाशीत हेच रक्त आहे, आणि ते फार जवळून आलेलं आहे. नॉर्दर्न डान्सरचा सख्खा मुलगा रझीन हरियाणाच्या उषा स्टडवर उभा राहिला आणि वर्षानुवर्षं देशातला अव्वल बाप ठरला. पुण्याच्या पूनावाला स्टडवर डेनहिलचा मुलगा मल्टिडायमेन्शनल आला. पुढे एक्सलंट आर्ट आला, त्याचा बाप पिव्होटल, पिव्होटलचा आजा नुरेयेव्ह, आणि नुरेयेव्ह पुन्हा नॉर्दर्न डान्सरचा मुलगा. या आयातींनी आपल्या घोड्यांचा दर्जा उंचावला हे मला मान्य आहे. रझीन आला नसता तर भारतीय शर्यती गरीब राहिल्या असत्या. पण महालक्ष्मीचं रेसकार्ड हातात घेऊन घोड्याच्या नावाखालच्या बाप-आईच्या नावांपासून चार-पाच पिढ्या मागे चालत जा. वाट बहुतेक वेळा ओशावालाच पोचते, आणि पुष्कळदा दोन्ही बाजूंनी.

आपल्याकडे घोड्या कमी. केंटकीत दोनशे घोड्या लावणारा घोडा तिथल्या पैदाशीचा लहानसा भाग व्यापतो. आपल्याकडे शंभर घोड्या लावणारा घोडा एका पिढीचा मोठा तुकडा व्यापतो. आठ-दहा वर्षं तो अव्वल राहिला की त्याच्या मुली प्रत्येक स्टडवर पोचतात आणि मग पुढच्या बापाची निवडच अडते. म्हणून अमेरिकेचा १४० हा आकडा उचलून इथं लावण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मर्यादा देशात त्या वर्षी पैदाशीला असलेल्या घोडींच्या प्रमाणात हवी. ठरावीक टक्क्यांच्या पुढे एका घोड्याला नोंद नाही. टक्का किती हे पैदासकारांनी आणि जनुकशास्त्रज्ञांनी एकत्र बसून ठरवावं. मला विचाराल तर पाच टक्क्यांच्या पुढे जाऊ नये.

त्याच्या जोडीला आयातीचे निकषही बदलावेत. आज परदेशातून घोडा आणताना त्याच्या शर्यतींचे निकाल आणि बापाचं नाव पाहिलं जातं. आपल्या घोड्यांशी त्याचं रक्त किती जवळचं आहे हे जनुकचाचणीतून कळू शकतं आणि ही चाचणी आता आवाक्याबाहेरची राहिलेली नाही. तो आकडा घोड्याच्या नोंदीत छापावा. जर्मनीच्या पैदासकारांनी आपल्या जुन्या मातृवंशांची ओळख फार निष्ठेनं जपलेली आहे. दक्षिण अमेरिकेतही काही ओळी अजून वेगळ्या टिकून आहेत. तिथले मजबूत, पण फॅशनमध्ये नसलेले घोडे केंटकीच्या मानानं स्वस्तात मिळतात. आपल्यासारख्या कमी पैशाच्या पैदाशीला ही संधी आहे.

नियम मागे न लावता पुढे लावावा. आज स्टडवर उभ्या असलेल्या घोड्यांत लोकांनी पैसा गुंतवलेला आहे, त्यांना हात लावू नये. यापुढे आयात होणाऱ्या किंवा जन्माला येणाऱ्या घोड्यांपासून मर्यादा सुरू करावी. जॉकी क्लबनंही २०२० मध्ये हाच मार्ग धरला होता. तिथं तो मोठ्या फार्मांच्या दबावाखाली मोडला. आपल्याकडे स्टड बुकाचं काम पुण्यातूनच चालतं, पैदासकार मोजके, एकमेकांना ओळखणारे, आणि नुकसान झालं तर ते सगळ्यांचंच होणार आहे. पुढच्या हंगामासाठी घोड्या लावण्याचे करार व्हायच्या आत त्यांनी एकत्र बसावं आणि हा आकडा ठरवावा.